दहावीची सराव परीक्षा संगणकावर: काय लागतं, कुठे अडतं

नमस्कार शिक्षक मंडळी. आपल्या नाशिकची मुलं दोन वर्षांनी एमएचटी-सीईटीला बसतात तेव्हा पेपर संगणकावरच असतो. मग दहावीची एक सराव परीक्षा शाळेच्या लॅबमध्ये का घेऊ नये?

सुरुवात विज्ञान भाग १ ने करा. ४० गुण, २ तास. भूमितीच्या रचना मात्र कागदावरच राहू द्या. माउसने वर्तुळ काढायला लावणं हा मुलांवर अन्याय आहे.

इंटरनेटच्या भरवशावर राहू नका. पेठ-सुरगाण्यात पावसात वीज आणि नेट दोन्ही जातात. ८ जीबी रॅमचा लॅपटॉप सर्व्हर (बाकीच्यांना पेपर पुरवणारा मुख्य संगणक) म्हणून घ्या, त्यावर मूडल हे परीक्षा घेण्याचं सॉफ्टवेअर बसवा (ते मोफत आहे) आणि लॅपटॉपसकट सगळे संगणक नेटवर्क स्विचला (संगणक एकमेकांना जोडणारा डबा) केबलने जोडा. लॅपटॉपचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) कायमचा ठरवून टाका, नाहीतर रीस्टार्ट झाल्यावर तो बदलू शकतो आणि कुणाचाच पेपर उघडत नाही. आणखी एक: यूपीएस संगणकांना लावतात, नेटवर्क स्विचला विसरतात. वीज गेली की संगणक चालू, पेपर मात्र अडकलेला. मूडल साधारण दर मिनिटाला उत्तरं साठवतं, पण ती सर्व्हरपर्यंत पोहोचली तर!

२५ संगणक असतील तर २३ मुलंच बसवा, २ राखीव. दुसऱ्या तुकडीसाठी प्रत्येक प्रश्नाला त्याच तोडीचे आणखी दोन प्रश्न मूडलच्या प्रश्नपेढीत ठेवा. दिव्यांग विद्यार्थ्यांना तासाला २० मिनिटं जादा मिळतात, ती सेटिंगमध्ये आधीच भरा.

आता खरी अडचण: मराठी टायपिंग. मुलं मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहितात, लॅबमध्ये समोर येतो इनस्क्रिप्ट, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांचा कीबोर्ड. काही संगणकांवर जुन्या फॉन्टची सवय, त्यात टाइप केलेलं ब्राउझरमध्ये भलतंच दिसतं. म्हणून सगळीकडे युनिकोड (कुठल्याही संगणकावर तेच अक्षर दिसेल अशी प्रमाण पद्धत), आणि कीबोर्ड एकच.

एका शब्दाचं उत्तर संगणकाकडून तपासून घेताना तर फारच जपा. ‘दऱ्या’ दोन पद्धतींनी टाइप होतो. पडद्यावर सारखाच दिसतो, आत अक्षरांचे कोड वेगळे. बरोबर लिहिलेल्या मुलाला शून्य मिळतं! ‘ॲ’चंही तेच. मराठी आणि इंग्रजी अंक तर दिसतातही वेगळे, आणि संगणक त्यांना एक मानत नाही. उत्तरसूचीत दोन्ही रूपं घाला, आणि शून्य पडलेलं प्रत्येक उत्तर शिक्षकांनी स्वतः वाचा. चूक सापडली तर सूची दुरुस्त करून पुनर्गुणांकन करा. मूडलमध्ये ती सोय आहे.

दीर्घोत्तरी प्रश्न मात्र टायपिंगचा सराव झाल्याशिवाय ठेवूच नका. नववीच्या जूनपासून आठवड्याला एक तास इनस्क्रिप्टसाठी काढा, आणि परीक्षेच्या आठवडाभर आधी गुण नसलेली रंगीत तालीम घ्या. त्यात मुद्दाम मेन स्विच बंद करून बघा.