फॉरमॅट मारण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. जवळ कागद-पेन असेल तर घेऊन बसा. मध्येच मी काही अक्षरं सांगणार आहे आणि ती नुसती ऐकून लक्षात राहणारी नाहीत.

कॉम्प्युटर हळू चालायला लागला, की दुरुस्तीवाल्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "फॉरमॅट मारून टाकू." म्हणजे डिस्क पार पुसून सगळं नव्याने टाकू. आपण लगेच लग्नाचे फोटो, दुकानाचा हिशोब, मुलीचा प्रोजेक्ट हे सगळं पेनड्राइव्हवर घ्यायला लावतो. ते बरोबरच आहे. पण त्याच मशीनवर पैसे मोजून घेतलेलं विंडोज असतं, वर्ड-एक्सेलवालं मायक्रोसॉफ्ट ऑफिस असतं, कुणाकडे हिशोबाचं टॅली, कुणाच्या प्रेसमध्ये डिझाइनचं कोरल ड्रॉ. त्यांची 'की' (लायसन्स की म्हणा किंवा प्रॉडक्ट की), म्हणजे ते सॉफ्टवेअर विकत घेतल्यावर मिळालेला अक्षर-आकड्यांचा नंबर, कुठे आहे, हे तेव्हा कुणी विचारत नाही. फॉरमॅट होऊन स्क्रीनवर 'प्रॉडक्ट की टाका' असं आलं म्हणजे सीडीचं खोकं शोधायला माणसं माळ्यावर चढतात, आणि ते खोकं बहुधा एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे गेलेलं असतं.

आपल्या स्वतःच्या कॉम्प्युटरवरून ही प्रॉडक्ट की पुष्कळदा परत काढता येते. अट एकच, डिस्क पुसण्याआधी काढायची. स्वतःच्या म्हणजे खरंच स्वतःच्या. ऑफिसचं मशीन असेल तर साहेबांना विचारून.

आधी विंडोजचं बघू. विंडोज एक्सपी किंवा सात असलेल्या जुन्या मशीनवर एक स्टिकर असायचा. टॉवरच्या कुशीला, लॅपटॉपच्या पोटाखाली, काहींच्या बॅटरीच्या खाचेत. त्यावर पाच-पाच अक्षरांचे पाच गट, एकूण २५ चिन्हं. मांडीवर घासून घासून लॅपटॉपचा स्टिकर पुसट होतो, मग एकाला ते अक्षर आठ दिसतं आणि दुसऱ्याला बी.

इथे एक गोष्ट कामाला येते. या २५ जागांमध्ये सगळी अक्षरं येतच नाहीत. विंडोज सातपर्यंत फक्त २४ चिन्हं वापरली जात. ए, ई, आय, ओ, यू हे स्वर नाहीत. एल नाही, एस नाही, झेड नाही. आकड्यांत शून्य, एक आणि पाच नाहीत. एन हे अक्षर विंडोज आठपासून आलं. तेव्हा पुसट स्टिकरवर शून्य दिसत असेल, तर ते शून्य नाही आणि ओ पण नाही. क्यू किंवा डी असण्याची शक्यता धरा. पाच दिसतोय? सहा आहे का ते भिंगातून बघा. ई वाटतोय तो एफ किंवा बी असेल. बी आणि आठ मात्र दोन्ही वापरात आहेत, तिथे दोन्ही टाकून बघण्याला पर्याय नाही. मोबाइलने तिरप्या उजेडात फोटो काढून मोठा केला, तर डोळ्यांना न दिसणारंही पुष्कळ दिसतं.

आणि फोनवर कुणाला ही अक्षरं सांगायची वेळ आली, तर बी, डी, पी, टी, व्ही, जी सगळी सारखीच ऐकू येतात. आपण नाशिककरांनी बी म्हणजे भगूर, डी म्हणजे देवळाली, पी म्हणजे पंचवटी, टी म्हणजे त्र्यंबक, व्ही म्हणजे वणी, जी म्हणजे गंगापूर असं सांगावं. सिन्नर, सटाणा आणि इगतपुरीकरांनी राग मानू नये, त्यांची अक्षरं या यादीतच नाहीत.

स्टिकर पार गेला असेल तरी विंडोज सुरू होतंय ना? मग काम होण्यासारखं आहे. विंडोज आपली बारीकसारीक नोंद ज्या वहीत ठेवतं तिला रजिस्ट्री म्हणतात. त्या वहीत 'डिजिटल प्रॉडक्ट आयडी' नावाच्या नोंदीत ही २५ चिन्हं १५ बाइटमध्ये गुंडाळून ठेवलेली असतात. उघडून बघितलं तर नुसते आकडे दिसतात, पण ते उलगडून देणारे छोटे प्रोग्रॅम फुकट मिळतात. निरसॉफ्टचा प्रोड्यूकी हा त्यातला माझ्या मते सगळ्यांत सुटसुटीत. इन्स्टॉल करावा लागत नाही, पेनड्राइव्हवरून चालतो. बेलार्क अॅडव्हायझर हाही चांगला आहे, मशीनवर काय काय बसवलंय त्याची अख्खी यादीच देतो, पण तो घरगुती वापरापुरता फुकट आहे, धंद्याच्या मशीनवर नाही.

प्रोड्यूकी डाउनलोड करताना अँटीव्हायरस ओरडेल. घाबरू नका, आणि ओरडतोय म्हणून तो कायमचा बंदही करू नका. असा प्रोग्रॅम चोरही वापरतात, म्हणून अँटीव्हायरस त्याच्यावर बोट ठेवतो. तुम्ही एवढंच पाहायचं की तो मूळ बनवणाऱ्याच्या साइटवरूनच घेतलाय. यूट्यूबच्या व्हिडिओखाली दिलेल्या लिंकवरून घेतलेल्या प्रोग्रॅममध्ये काय भरलंय ते सांगता येत नाही.

विंडोज आठनंतर, म्हणजे साधारण २०१२ पासून, ब्रँडेड लॅपटॉपवरचे ते आकड्यांचे स्टिकर गेले. आता कंपनी ती प्रॉडक्ट की मदरबोर्डवरच्या, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डावरच्या, चिपमध्ये लिहून पाठवते. हार्ड डिस्क पार जळाली तरी ती तिथे शाबूत राहते. विंडोज परत टाकताना ती आपोआप वाचली जाते, तुम्हाला काही टाइप करावं लागत नाही. त्यासाठी विंडोजची आवृत्ती मात्र तीच पाहिजे. होम होतं तर होम. दुरुस्तीवाला हौसेने प्रो टाकतो आणि मग विंडोज अॅक्टिव्हेट होत नाही, म्हणजे लायसन्स खरं म्हणून मंजूर होत नाही, म्हणून दोन-तीन हजारांचं नवं लायसन्स गळ्यात मारतो, हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. आधी विचारा, माझ्या लॅपटॉपबरोबर कोणती आवृत्ती आली होती?

विंडोज दहापासून आणखी एक प्रकार सुरू झाला, डिजिटल लायसन्स. जुन्या सातवरून किंवा आठवरून फुकट दहावर आलेल्या लाखो मशीनना स्वतःची अशी वेगळी की नसतेच. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर त्या मदरबोर्डची नोंद असते. अशा मशीनवर प्रोड्यूकी चालवला, की २५ अक्षरं दिसतात आणि माणूस खूश होऊन वहीत उतरवून घेतो. पण ती सगळ्यांना सारखीच असलेली सर्वसाधारण की असते. लिहून घ्या: शेवटची पाच चिन्हं तीन, व्ही, सहा, सहा, टी अशी असतील तर ती प्रोची, आठ, एच, व्ही, एक्स, सात असतील तर होमची. तिच्यावर दुसरं मशीन अॅक्टिव्हेट होणार नाही. इथे करायचं ते एकच, विंडोजमध्ये आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करायचं. तेवढ्याने लायसन्स अकाउंटशी जोडलं जातं आणि पुढे बोर्डात काही बदल झाला तर विंडोजमधल्याच अॅक्टिव्हेशनच्या 'ट्रबलशूटर' या अडचण सोडवणाऱ्या सोयीतून ते परत मागता येतं. ही सोय २०१६ पासून आहे.

आणि जुना सातचा स्टिकर सापडला म्हणून त्यावर अकरा चालेल, ही आशा आता सोडा. बरीच वर्षं ते चालत होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती वाट बंद केली.

आता पेन उचला. तुमच्या मशीनवर यातला कोणता प्रकार आहे, हे कोणताही प्रोग्रॅम न घेता कळतं. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा. छोटी खिडकी येईल. त्यात इंग्रजीत टाइप करा: एस, एल, एम, जी, आर. मग एक जागा सोडा. मग तिरकी रेघ, प्रश्नचिन्हाच्या बटणावरची. तिला चिकटून डी, एल, आय. एंटर. थोडं थांबावं लागतं, मग एक चौकट उघडते. त्यात की ची शेवटची पाच चिन्हं असतात, आणि 'चॅनेल' या शब्दाच्या आधी काय लिहिलंय ते बघा. ओईएम असेल तर लायसन्स मशीनबरोबर आलेलं आहे आणि त्या बोर्डाशी बांधलेलं आहे. बोर्ड गेला की तेही गेलं, कंपनीने दुरुस्तीत बदलून दिलेला बोर्ड सोडला तर. रिटेल असेल आणि तुम्ही ते दुकानातून वेगळं विकत घेतलेलं असेल, तर जुन्या मशीनवरून काढून नव्यावर नेता येतं.

तिथे 'व्हॉल्यूम' असं दिसलं तर जरा थबका. ही मोठ्या कंपन्यांना आणि कॉलेजांना घाऊक दिलेली लायसन्स असतात. कॉलेज रोडवरच्या तुमच्या दोन मशीनच्या ऑफिसात व्हॉल्यूम लायसन्स आलं कुठून? बहुधा असेंबल करून देणाऱ्याने पेनड्राइव्हवरून काहीतरी टाकलं आणि बिलात 'विथ विंडोज' लिहिलं. अशा वेळी हरवलेलं शोधण्याचा प्रश्नच येत नाही, कारण तुमचं म्हणून काही कधी आलंच नव्हतं. हे कळणं त्रासदायक असतं, पण कळलेलं बरं. चोरीचं सॉफ्टवेअर आहे हे माहीत असताना वापरणं हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब खाली गुन्हा आहे. ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड असं त्यात म्हटलंय. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं. ऑनलाइन दोन-चारशे रुपयांत मिळणाऱ्या विंडोजच्या किया बऱ्याचदा याच घाऊक मालातल्या असतात. आज चालतात, उद्या बंद पडतात, आणि तक्रार कुणाकडे करणार?

आता मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं सांगतो. २००७ आणि २०१० च्या ऑफिसची पूर्ण की रजिस्ट्रीतून निघते. २०१३ पासून निघत नाही, कारण मशीनवर फक्त शेवटची पाच चिन्हं ठेवलेली असतात. कुणी म्हणालं, माझा प्रोग्रॅम २०१९ ची पूर्ण की काढून देतो, तर तो थापा मारतोय. मग त्या पाच चिन्हांचा उपयोग काय? एखाद्या सीएच्या ऑफिसात आठ मशीन आहेत आणि ड्रॉवरमध्ये आठ कार्डं आहेत. कोणतं कार्ड कोणत्या मशीनचं, हे त्या पाच चिन्हांवरून जुळवता येतं. पूर्ण लायसन्स मात्र ज्या अकाउंटवर पहिल्यांदा अॅक्टिव्हेट केलं त्यात असतं.

आणि इथेच आपल्याकडची खरी गोम आहे. ते अकाउंट कुणाच्या ईमेलवर उघडलंय? पुष्कळ दुकानांत मशीन बसवायला आलेल्या मुलाने "सर, मेल आयडी द्या" असं विचारलेलंच नसतं, स्वतःचाच टाकलेला असतो. पुढे तो पुण्याला नोकरीला जातो, नंबर बदलतो. ऑफिसचं तेच, टॅलीचंही तेच. टॅलीचा नऊ आकडी सिरियल नंबर प्रोग्रॅममध्येच दिसतो, तो हरवत नाही. पण लायसन्स परत अॅक्टिव्हेट करायला अकाउंटचा ईमेल आणि पासवर्ड लागतो. पासवर्ड विसरला तर नवा येतो, पण येतो त्या मुलाच्या मेलवर. म्हणून सगळं सुरळीत चाललेलं असताना, मार्चची धांदल नसताना, टॅलीचं अकाउंट आपल्या ईमेलवर आहे का ते बघून घ्या. आणि मशीन बदलायचं असेल तर जुन्यावरून लायसन्स आधी टॅलीमधूनच सरेंडर करा, म्हणजे सोडवून घ्या. हे फॉरमॅट झाल्यावर होत नाही.

प्रेसवाल्यांसाठी दोन शब्द. कोरल ड्रॉचा सिरियल नंबर डीआर या अक्षरांनी सुरू होतो आणि प्रोग्रॅमच्या हेल्पमध्ये 'अबाउट'खाली बघता येतो. श्रीलिपीसारखी मराठी टायपिंगची सॉफ्टवेअर ज्यांनी डोंगलसकट, म्हणजे कॉम्प्युटरला लावायच्या छोट्या चावीसकट, घेतली, त्यांनी कॉम्प्युटरमध्ये काही शोधत बसू नये. लायसन्स त्या डोंगलमध्येच आहे. लग्नसराईत तो कुणी पेनड्राइव्ह समजून खिशात घालून नेणार नाही, एवढी काळजी घ्या. अँटीव्हायरसची मुदत संपलेली असेल तर जुनी की शोधण्यात वेळ घालवू नका.

मशीन सुरूच होत नसेल तर? २०१६ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०१९ मध्ये गोदावरीचं पाणी सराफ बाजारात, भांडी बाजारात शिरलं होतं. अशा वेळी खाली ठेवलेला टॉवर पाण्यात जातो, बोर्ड संपतो, पण हार्ड डिस्क कधी कधी वाचते. ती काढून यूएसबीच्या कन्व्हर्टरने दुसऱ्या मशीनला लावा. प्रोड्यूकीला त्या डिस्कवरचं विंडोजचं फोल्डर दाखवता येतं, मग तो तिथली रजिस्ट्री वाचून २०१० पर्यंतच्या ऑफिसची आणि विंडोजची की काढून देतो. विंडोजवर विंडोज टाकलं असेल, पण डिस्क पुसली नसेल, तर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचं फोल्डर आहे का बघा. जुनी रजिस्ट्री त्यात असते, पण साधारण १० दिवसांनी विंडोज ते फोल्डर स्वतःच काढून टाकतं.

जे हाती लागेल ते कागदावर लिहा, खरेदीच्या बिलाला टाचणीने लावा आणि बिलांच्या फाइलमध्ये ठेवा. बिल महत्त्वाचं, कारण की म्हणजे नुसती अक्षरं; ती तुम्ही विकत घेतली हे बिलच सांगतं. एक प्रत स्वतःच्याच मेलवर पाठवा. त्याच मशीनच्या डेस्कटॉपवर ठेवू नका, आणि स्टिकरचा फोटो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तर अजिबात टाकू नका.

राहिलं एक. जुनं मशीन भंगारात देताना हार्ड डिस्क काढून घ्या किंवा नीट पुसून द्या. जी की तुम्ही दोन मिनिटांत काढू शकता, ती भंगारवाल्याकडून ते मशीन घेणाराही काढू शकतो, आणि डिस्कवर तुमचे बँकेचे कागदही असतात. नमस्कार.