बस्त्याला आलेली टोळी

नमस्कार श्रोतेहो. मी वकिली करतो, पण वाढलो कापडाच्या गादीवर. अंबाजोगाईत माझ्या मामांचं साड्यांचं दुकान आहे. टोळीनं होणाऱ्या दुकानचोरीचा कायदा आज सांगायचाय, पण आधी मामांच्या दुकानात काय झालं ते ऐका.

गेला वैशाख. भर लग्नसराई, दुपारचे दोन. पाच बाया, दोन पुरुष, एकीच्या कडेवर लेकरू. "मामा, बस्ता बांधायचाय. नवरीकडचे आहोत आम्ही." बस्ता म्हटल्यावर मामा स्वतः उठले. शालू उलगडले, पैठण्या उलगडल्या. एकीला वरच्या फळीवरली साडी पाहिजे, दुसरीला पाणी, तेवढ्यात लेकरानं भोकाड पसरलं. एक पुरुष मामांशी भाव करत बसलेला. तासाभरात गादीवर कमरेएवढा ढीग झाला. मग, "नवरदेवाकडच्यांना घेऊन येतो," म्हणून सगळे उठले.

मामांकडे तीस वर्षांपासून एक काका कामाला आहेत. साडी काढली की तिची रिकामी पिशवी ते मांडीखाली सारतात. घड्या घालून साड्या पिशव्यांत भरल्या, तर 4 पिशव्या उरल्या. चार सेमी-पैठण्या, म्हणजे पैठणीसारख्याच पण स्वस्तातल्या साड्या, 22 हजारांचा माल!

कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. दोघींनी एक साडी पडद्यासारखी ताणून धरलेली, जणू रंग बघताहेत. तिच्याआड तिसरी, नऊवारीतली, घडी उचलते आणि ओच्यात सोडते. चार वेळा. हात जरासुद्धा अडखळत नाही.

मामा म्हणाले, "जाऊ दे रे, कोर्टाच्या पायऱ्या कोण झिजवील?" मी त्यांना गाडीवर बसवून ठाण्यात नेलं. तक्रार दिली, चेहरे व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकले. संध्याकाळी लातूरहून फोन आला, दुसऱ्या दिवशी परभणीहून. तीच माणसं, तोच बस्ता. त्या दोघांनीही तोवर तक्रार दिली नव्हती. मग दिली.

आता कायदा. जुन्या दंड संहितेत साध्या चोरीचं कलम 379 होतं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम 112 मध्ये किरकोळ संघटित गुन्हा आहे. टोळीतल्या माणसानं एकट्यानं किंवा मिळून चोरी केली, तर किमान 1 वर्ष, जास्तीत जास्त 7 वर्षं आणि दंड. दुकानातून माल उचलणं त्यात नाव घेऊन लिहिलंय. उलट, टोळीबिळी नसेल, गुन्हा पहिलाच असेल, माल 5 हजारांच्या आतला असेल आणि तो परत केला, तर कलम 303 प्रमाणे समाजसेवेची शिक्षा. मला हा फरक योग्य वाटतो. पोटासाठी बिस्किटाचा पुडा उचलणारा आणि ठरवून गावोगाव फिरणारी टोळी एका तागडीत तोलू नये.

पण टोळी आहे हे कोर्टाला कळणार कसं? तीन गावच्या तीन तक्रारींवरून. म्हणून पुन्हा सांगतो, माल थोडा गेला तरी तक्रार द्या. चित्रण लगेच काढून ठेवा, डीव्हीआरमधलं, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रातलं, जुनं आपोआप पुसलं जातं. ते पुरावा म्हणून देताना साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. तक्रार द्या, चित्रण जपा.

आणि संशयावरून कुणावर हात उचलू नका. बाजारात लगेच कुजबुज होते, "अमुक समाजाचेच असतील." इंग्रजांनी 1871 साली अख्ख्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं. तो कायदा 1952 साली रद्द झाला, तरी आपल्याकडच्या पारध्याच्या पोराकडे दुकानात शिरताच सगळे डोळे वळतात. मला याचा फार त्रास होतो. मामांच्या दुकानात आलेली माणसं इस्त्रीच्या कपड्यांत होती, चारचाकीतून उतरली होती.

बस्त्याचंही एक बोलतो. मानपानाच्या पन्नास-पन्नास साड्या कशाला हो? नेसत कुणी नाही, पुढच्या लग्नात फिरवल्या जातात, आणि बापाच्या डोक्यावर कर्ज. मामांना हे आवडत नाही, पण मी त्यांच्या गादीवर बसूनही हेच बोलतो.

टोळीतले चौघं सापडले. दोन पैठण्या मिळाल्या, किमतीची चिठ्ठी अजून पदराला टाचलेली. मुद्देमाल म्हणून त्या कोर्टात आहेत. पुढच्या तारखेला मामांची साक्ष आहे, त्या दिवशी दुकान बंद. पिशव्या मोजणारे काकाही सोबत येणार आहेत.