साखर तडकली, पण कॉलर मिळाली

श्रोतेहो, नमस्कार. आज 'किंग्ज ऑफ पेस्ट्री' या २००९ सालच्या माहितीपटाविषयी. पेनेबेकर आणि क्रिस हेगेडस या नवरा-बायकोनं तो केला आहे. फ्रान्समध्ये 'मेयेर उव्रिए द फ्रान्स' नावाचा कारागिरांचा किताब आहे. तो मिळाला की गळ्याशी निळी-पांढरी-लाल कॉलर, आयुष्यभरासाठी. माहितीपटात त्यासाठी लियाँ शहरात १६ पेस्ट्रीवाले ३ दिवस राबतात. आणि बरं का, इथे पहिला-दुसरा नंबर नाही. ठरलेली पातळी जो गाठेल त्याला किताब. नंबर नाही, पातळी!

आता फिलिप रिगोलो. याच्यासाठी तरी हा माहितीपट बघाच. शेवटच्या दिवशी त्याचं साखरेचं उंच शिल्प फुटतं, तुकडे तुकडे होतात. बघताना काळजात धस्स होतं.

का फुटतं असं शिल्प? आपला पाक एकतारी, फार तर गोळीबंद. हा पाक त्याच्याही पुढे, १६० अंशांच्या आसपास नेतात, म्हणून गार झाला की काचेसारखा ठिसूळ होतो. किलोभर साखरेला साधारण २०० ग्रॅम ग्लुकोज आणि टार्टरिक आम्लाचे थेंब. आपण पाकात लिंबू पिळतो ना, तेच काम, साखर पुन्हा दाणेदार होऊ नये म्हणून. आम्ल जास्त झालं तर शिल्प मऊ पडून वाकतं. मग गरम दिव्याखाली त्या पाकाचा गोळा ओढायचा, दुमडायचा, पुन्हा ओढायचा. आत हवा शिरते आणि रेशमासारखी चकाकी येते. जास्त ओढला की चकाकी गेली. वरून दमट हवा लागली की पृष्ठभाग चिकट. सांधा ज्योतीवर दोन्ही बाजूंनी तापवूनच जोडायचा. एक बाजू गार राहिली तर सांधा वरून धरल्यासारखा दिसतो, आणि उचलताना सुटतो. पुन्हा सांगतो, दोन्ही बाजू गरम हव्यात.

(आपल्याकडे वाढदिवसाच्या केकवर फॉन्डंटचं, म्हणजे साखरेच्या लगद्याचं, जाड पांघरूण घालतात आणि पोरं ते सोलून ताटलीत ठेवतात. इथे परीक्षक चवही बघतात. असले परीक्षक आपल्याकडेही हवेत!)

तर रिगोलो. तो कोसळतो, रडतो. आसपासचे लोक धीर देतात. मग डोळे पुसून ओट्याशी परत येतो आणि शिल्लक वेळात जमेल ते उभं करतो. परीक्षक एवढ्या एका शिल्पावर निकाल लावत नाहीत. केक, चॉकलेट, चव, ओट्याची स्वच्छता, सगळं धरतात. निकालात त्याचं नाव येतं. शिल्प फुटलं, तरी कॉलर मिळाली!

आणि कॅमेरा जास्त वेळ ज्याच्या मागे असतो, तो शिकागोच्या पेस्ट्री शाळेचा सहसंस्थापक जाकी फायफर? त्याला नाही मिळत. तोही तयारीत कमी नव्हता, तालमी करून करून आला होता.