परदेशातल्या शाळा बघायला जाताय? वर्गात बसून नेमकं काय लिहायचं?

नमस्कार! फिनलंडच्या शाळा बघायला शिक्षकांचा गट न्यायचाय, तयारी कशी करू, असं ठाण्यातून, ऐरोलीतून, कोपरखैरण्यातून इतके जण विचारतायत की आज तेवढ्यावरच बोलू.

कागदपत्रांचं भराभर सांगते. महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत असाल तर ना हरकत प्रमाणपत्राचा अर्ज सगळ्यात आधी टाका. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे फिनलंडसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा 15 दिवस आधी. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा. परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत 3 महिने तरी उरलेली हवी, दोन पानं कोरी हवीत. झालं.

तारखा मात्र हमखास चुकतात. आपल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, म्हणून लोक जूनचा पहिला आठवडा ठरवतात. नका ठरवू! फिनलंडचं शालेय वर्ष कॅलेंडरच्या 22व्या आठवड्याच्या शनिवारी संपतं, म्हणजे मेअखेर किंवा जूनच्या अगदी सुरुवातीला. पुढे शाळेला कुलूप. शेवटचे काही दिवसही सहली आणि समारंभात जातात. मेचा दुसरा किंवा तिसरा आठवडा पकडा. त्यात ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार येतो का बघा, त्या दिवशी सुट्टी असते आणि पुष्कळ शाळा शुक्रवारही जोडून घेतात. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर हेलसिंकीच्या शाळा 42व्या आठवड्यात, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यावर बंद असतात.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ केलाय ते. वर्गात बसल्यावर काय लिहायचं?

परत आलेल्या गटांचे अहवाल वाचा. 'मुलं आनंदी होती.' 'वातावरण मोकळं होतं.' 'शिक्षक प्रेमळ होते.' हे तुम्हाला काय वाटलं ते झालं. काय दिसलं ते कुठे आहे? या अहवालावरून कळव्याच्या शाळेत सोमवारी तिसऱ्या तासाला काय वेगळं करायचं, ते सांगा. नाही सांगता येत.

म्हणून एक ए-फोर कागद आडवा घ्या, तीन रकाने आखा: वेळ, शिक्षक, मूल. एकच मूल निवडा आणि तास संपेपर्यंत बदलू नका. दर 3 मिनिटांनी एक ओळ. तिकडे तास साधारण 45 मिनिटांचा, म्हणजे 15 ओळी. ओळ अशी हवी: '9:12. मुलगी उठली, कपाटातून पट्टी घेतली, कुणाला विचारलं नाही, जागेवर येऊन आखायला लागली. शिक्षक दुसऱ्या गटापाशी, मान वर केली नाही.' या एका ओळीतून कळतं की साहित्य मुलांच्या हाताला येईल असं ठेवलंय, ते घ्यायला परवानगी लागत नाही, आणि ही सवय आधीच लावलेली आहे. 'स्वावलंबन दिसलं' एवढंच लिहिलं असतं तर यातलं काहीच उरलं नसतं.

कमेंटमध्ये विचारतात, 'फिनिश येत नाही, मग कळणार काय?' उलट बरंच आहे! शब्द कळत नाहीत तेव्हा डोळे हातांकडे जातात. यजमान शाळेला आधीच कळवून हस्तकलेचा तास मागून घ्या. सातवीपर्यंत हा विषय सगळ्या मुलामुलींना सक्तीचा आहे. करवत कोण देतं, चूक झाली की शिक्षक वस्तू स्वतःच्या हातात घेतात का मुलाच्याच हातात ठेवतात, हे भाषेशिवाय दिसतं.

हीच गोष्ट यजमानांच्या बाजूने बघा. दहा पाहुणे मोबाइल वर धरून भिंतीला उभे राहिले की तो वर्ग नेहमीचा राहत नाही. मुलं पाहुण्यांसाठी वागायला लागतात आणि तुमच्या कागदावर नाटक उतरतं. एका वर्गात जास्तीत जास्त चार जण, मागे, बसून. मुलांचे फोटो काढायचेच नाहीत. युरोपात त्यासाठी पालकांची संमती लागते, आणि फोटो काढणारा माणूस त्या वेळात बघत नसतो.

जरा बाजूला जाते, कारण प्रत्येक व्हिडिओखाली हे येतंच: 'तिथे गृहपाठ नाही, परीक्षा नाही.' चूक आहे. गृहपाठ असतो, थोडा असतो. वर्गशिक्षक चाचण्याही घेतात. देशभराची एकच परीक्षा नसते ती नवव्या इयत्तेपर्यंत. उच्च माध्यमिकच्या शेवटी मोठी परीक्षा असतेच. शाळेतलं जेवण मात्र 1948 पासून सगळ्यांना फुकट, हे खरं.

आता तिसरी बाजू, परत आल्यावरची. 'त्यांच्या वर्गात वीस मुलं, आमच्याकडे पंचेचाळीस, आपल्याला काय उपयोग?' हा प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणूनच पटसंख्येवर अवलंबून नसलेलं काहीतरी मोजून आणा. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतात, ते मोजा. मनात म्हणा, एक हजार एक, एक हजार दोन. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970च्या दशकात दाखवलं की शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात, आणि 3 सेकंद थांबले की उत्तरं लांबतात, गप्प बसणारी मुलंही बोलतात. आत्ता करून बघा. सात अष्टमांश मोठा की आठ नवमांश?

(कॅमेऱ्याकडे बघत 3 सेकंद शांत)

किती लांब वाटलं ना? वर्गात तेवढ्यात पहिल्या बाकावरचं मूल ओरडून मोकळं होतं. म्हणून आधी सांगून ठेवा, मी हात खाली करेपर्यंत कुणी बोलायचं नाही. दोन आठवडे, एकाच वर्गात, एकाच विषयाला. सहकाऱ्याला मागे बसवा, तोच तीन रकान्यांचा कागद द्या.

आणि कागदावरचा 'वाटलं'चा भाग मुक्कामी गेल्यावर, लाल पेनाने, समासात लिहा. वर्गात बसलेले असताना लाल पेन पिशवीतच ठेवा.

आखलेल्या कागदाची प्रत खाली जोडली आहे. छापून घ्या, आणि जाण्याआधी शेजारच्या वर्गात एक तास बसून भरून बघा. 15 ओळी भरल्या नाहीत तर पुन्हा बसा.