उद्यमबागेतली हेल्परची जागा कुठे गेली?

नमस्कार. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत नवे यंत्र आले की यामुळे किती माणसे घरी बसणार, असे आधी विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. पण मला त्याहून मोठी काळजी वाटते ती या धंद्यात शिरण्याची वाटच बुजत चालल्याची.

मच्छे, पिरनवाडी, येळ्ळूर अशा गावांतला दहावी झालेला मुलगा पूर्वी हेल्पर म्हणून लागत असे, लेथखालचा (धातू फिरवत कापणाऱ्या यंत्राखालचा) कीस काढत असे, जॉब म्हणजे कापायचा तुकडा बांधायला मदत करत असे आणि लेथ चालवणाऱ्या जुन्या टर्नरशेजारी उभा राहून हात बसवत असे. कापताना आवाज बदलला म्हणजे टूलची धार गेली, हे त्याला कोणत्याही वर्गात शिकवले जात नव्हते.

सीएनसी म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर कापण्याचे काम प्रोग्रॅम करतो आणि एकच ऑपरेटर दोन-दोन यंत्रे सांभाळू शकतो. तरीही कसब संपलेले नाही. कार्बाइडचा इन्सर्ट, म्हणजे टूलचे बदलता येणारे पाते, झिजू लागला की शाफ्टचा बाहेरचा व्यास हळूहळू वाढतो. मग मायक्रोमीटरने माप घ्यायचे, वाढ २० मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) निघाली तर तेवढी वेअर ऑफसेटमधून, म्हणजे यंत्रातल्या झिजेच्या दुरुस्तीच्या आकड्यातून, वजा करायची, आणि तिथे वजाचे चिन्ह राहून गेले तर पुढचा जॉब आणखी जाड निघतो. हे ज्याला नेमके जमते त्या सेटरला, म्हणजे यंत्र जुळवून देणाऱ्याला, आज मागणी आहे, पगारही बरा आहे. मात्र सेटर घडण्यासाठी हेल्पर म्हणून जी वर्षे काढावी लागत, ती काढायला आता जागा उरलेली नाही.

शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहे. २०१९ च्या नियमबदलानंतर ३० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला शिकाऊ घेणे बंधनकारक आहे. ४ ते २९ कामगार असतील तर ते मालकाच्या मर्जीवर आहे, आणि आपल्याकडची कितीतरी छोटी वर्कशॉप याच गटात मोडतात. मुलगा शिकून तयार झाला की कोल्हापूरकडच्या कागल किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत निघून जातो, ही मालकांची तक्रार खोटी नाही. म्हणूनच शेजारशेजारच्या चार-पाच वर्कशॉपनी मिळून एक अनुभवी सेटर शिकवण्यासाठी नेमावा, त्याचा पगार वाटून घ्यावा आणि प्रत्येकाने निदान एक शिकाऊ मुलगा किंवा मुलगी घ्यावी, असे मला मनापासून वाटते. २०१६ च्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिना १,५०० रुपयांच्या मर्यादेत, केंद्र सरकार उचलते. त्यासाठी वर्कशॉपची नोंदणी मात्र मालकालाच करावी लागते.