खोडून काढता येईल असं बोलावं

मित्रहो, रेडिओवर जागतिक सुरक्षेबद्दल बोलणं हे मुळात अवघड काम. फळा नाही, नकाशा नाही, सैन्य कुठून कुठे सरकलं ते दाखवणारे बाण नाहीत. पुस्तकात मागचं पान उलटता येतं. इथे एक वाक्य निसटलं की निसटलं.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी यावर साधा तोडगा काढला होता. २३ फेब्रुवारी १९४२ चं त्यांचं भाषण. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याला जेमतेम अडीच महिने झाले होते. जगाचा नकाशा समोर घेऊन बसा, असं त्यांनी लोकांना आधीच सांगून ठेवलं होतं. नकाशांवर लोकांच्या उड्या पडल्या, वर्तमानपत्रांनीही नकाशे छापले. दोन महासागर आपल्याला वाचवतील या समजुतीचा फोलपणा त्यांना दाखवायचा होता आणि रसद पोहोचायला इतका वेळ का लागतो तेही. योगायोग बघा, ते बोलत असतानाच कॅलिफोर्नियात सँटा बार्बराजवळच्या एलवुड तेलक्षेत्रावर जपानी पाणबुडी तोफगोळे डागत होती! नुकसान किरकोळ झालं, धसका मात्र मोठा बसला.

पण तो राष्ट्राध्यक्षाचा आवाज, तोही युद्धकाळातला. तो पटवून घेण्यासाठीच ऐकायचा. मला जास्त मोलाचं वाटतं ते खुर्चीवर नसलेल्या माणसाचं भाषण.

बीबीसी रेडिओवरची वार्षिक रीथ व्याख्यानं १९४८ मध्ये बर्ट्रांड रसेल यांच्यापासून सुरू झाली. १९५७ साली बोलायला होते अमेरिकेचे माजी मुत्सद्दी जॉर्ज केनन. सोव्हिएत विस्ताराला बांध घालण्याचं धोरण ज्यांनी १९४७ मध्ये ‘एक्स’ या सहीने मांडलं, तेच केनन. ऑक्टोबरात स्पुटनिक हा सोव्हिएत उपग्रह उडालेला, पश्चिमेत घबराट; जो तो आणखी क्षेपणास्त्रं मागत होता. आणि या गृहस्थांनी मायक्रोफोनसमोर काय सांगावं? मध्य युरोपातून दोन्ही बाजूंनी सैन्य मागे घ्या, दुभंगलेली जर्मनी एक होऊ द्या आणि तिला कोणत्याही लष्करी गटात ओढू नका.

गदारोळ उडाला. पश्चिम जर्मनीच्या राजधानीत, बॉनमध्ये नाराजी पसरली. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री डीन अचेसन यांनी जानेवारी १९५८ मध्ये जाहीर निवेदन काढून केनन यांना झोडपलं. सत्तेच्या समतोलाचं वास्तव या माणसाला कधी उमगलंच नाही, असा त्यांचा सूर होता. शाब्बास म्हणतो मी, दोघांनाही. अचेसन यांना खोडता आलं, कारण खोडण्याजोगं काहीतरी समोर होतं: कुणी मागे जायचं, कुठून आणि त्या बदल्यात काय मिळवायचं. आज चर्चेला चौघांना एकत्र बसवतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटं येतात. मग ‘परिस्थिती चिंताजनक आहे’, ‘घडामोडींवर लक्ष ठेवावं लागेल’ ही वाक्यं येतात. ही खोडणार कशी? मी अशी भाषणं ऐकताना एकच बघतो: विरोधकाला यावर चार ओळींचं उत्तर लिहिता येईल का?

केनन यांचं तेव्हा कुणी ऐकलं नाही. डिसेंबर १९५७ मध्येच पॅरिसला नाटो या पश्चिमी लष्करी गटाने युरोपात अण्वस्त्रांचे साठे आणि क्षेपणास्त्रं ठेवण्याचा निर्णय घेतला. जर्मनी एक झाली ती १९९० मध्ये, आणि नाटोतच राहिली. रशियन सैन्य १९९४ मध्ये तिथून निघालं, अमेरिकन अजून आहे. केनन आणि अचेसन यांच्यातलं बरोबर कोण, यावरून इतिहासकारांचं आजही वाजतं.