गमछ्यात बांधलेली वीट

(दृश्य : पहाटेची भागीरथी. पाण्यावर धुकं. काठावर कुणी नाही.)

पोटावर वीट ठेवायची, वरून गमछा गुंडाळायचा आणि घट्ट गाठ मारायची. मग पाण्यात उतरायचं आणि पाठीवर पडून पोहायचं. हात मारायचे नाहीत, पाणी वाजतं. पाय तेवढे हलवायचे. नाक आणि तोंड पाण्याबाहेर, बाकी सगळं अंग पाण्याखाली.

१९७१ चा उन्हाळा. जागा पलाशी, आपण शाळेत जिला प्लासी म्हणून शिकलो तीच. १७५७ ची लढाई झाली ती इथे. आता इथल्या नदीकाठी तंबू लागले होते आणि पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आलेली अठरा-वीस वर्षांची पोरं विटा बांधून तासन्‌तास पोहत होती. बहुतेक जण कॉलेजात शिकणारे. काही महिन्यांपूर्वीपर्यंत त्यांच्या हातात वह्या-पुस्तकं होती.

या पोरांना कुठे पाठवायचं, कधी पाठवायचं, कशासाठी पाठवायचं, हे ठरवणाऱ्या मोजक्या माणसांत एक मराठी नाव होतं. कमांडर मोहन नारायण राव सामंत.

(दृश्य : रिगा बंदर, जुनी छायाचित्रं. पाणबुडीचा काळा कणा.)

सामंत मूळचे पाणबुडीवाले. ४ सप्टेंबर १९६९ रोजी सोव्हिएत संघातल्या रिगा बंदरात ‘आयएनएस करंज’ ही पाणबुडी नौदलात दाखल झाली, तेव्हा तिचे पहिले कप्तान सामंतच होते. आपल्या नौदलाचं पाणबुडी दल तेव्हा जेमतेम दोन वर्षांचं होतं. सगळंच नवीन. पाणबुडीत राहणाऱ्या माणसाला एक सवय लागते : गप्प राहायची. वर समुद्रावर कुणाला पत्ता लागू न देता आपलं काम करायचं. पुढे सामंतांना जे काम मिळालं, त्यात ही सवय फार उपयोगी पडली असणार, असं मला वाटतं.

मार्च १९७१. फ्रान्समधल्या तुलों बंदरात ‘मांग्रो’ नावाची पाकिस्तानी पाणबुडी उभी होती. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी लष्कराने बंगाली लोकांची जी कत्तल केली, तिच्या बातम्या रेडिओवरून तिथे पोचल्या. पाणबुडीवरच्या काही बंगाली खलाशांनी आपसात ठरवलं आणि ते निसटले. माद्रिदच्या भारतीय वकिलातीत पोचले आणि तिथून भारतात आले. आठ जण होते. ते पळून आले होते ते लढायला मिळावं म्हणून.

त्या आठ जणांपासून सगळं सुरू झालं. नौदलप्रमुख होते ॲडमिरल नंदा. नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख होते कॅप्टन मिहिर रॉय. मोहिमेचं नाव ठेवलं ‘नेव्हल कमांडो ऑपरेशन्स एक्स’ आणि ती चालवायला दिली सामंतांकडे. गंमत म्हणजे भारतीय नौदलाकडे तेव्हा स्वतःचे कमांडोच नव्हते. आपण आज ज्यांना मार्कोस म्हणतो, ते दल उभं राहिलं १९८७ मध्ये. त्यामुळे शिकवायला आले नौदलाचे पाणबुडे. लेफ्टनंट कमांडर जॉर्ज मार्टिस यांनी पलाशीच्या छावणीत या मुलांना घडवलं. वर्ष संपेपर्यंत चारशेहून जास्त मुलं तिथून तयार होऊन बाहेर पडली.

(दृश्य : हातात मावेल एवढा लिंपेट सुरुंग. चुंबकांवर कॅमेरा थांबतो.)

आता विटेचं काम काय ते बघा. विटेच्या जागी यायचा होता लिंपेट सुरुंग. त्याला चुंबक असतात, जहाजाच्या लोखंडी पोटाला तो चिकटतो. पण बरेच दिवस पाण्यात असलेल्या जहाजाच्या पोटावर शेवाळ आणि शिंपले धरलेले असतात. म्हणून प्रत्येकाकडे सुरी. बुडी मारायची, चाचपडत जागा शोधायची, सुरीने खरवडायची, सुरुंग लावायचा आणि निघायचं. सुरुंगात एक विरघळणारी गोळी असते. पाणी लागलं की ती विरघळू लागते, आणि विरघळून संपली की स्फोट. पण पोहत जायलाच इतका वेळ लागणार होता की गोळी वाटेतच विरघळली असती. त्यावर तोडगा निघाला तो साधा : गोळीवर निरोध चढवायचा आणि सुरुंग लावताना काढून टाकायचा.

पायांना पोहायचे पंखे, कमरेला सुरी, पोटावर सुरुंग. श्वासाची नळकांडी नाहीत. बंदूक नाही.

मग प्रश्न आला इशाऱ्याचा. चार बंदरं, चार टोळ्या, आणि घाव एकाच रात्री बसायला हवा. टोळीकडे वायरलेस दिला तर पकडला जाणार. म्हणून दिला ट्रान्झिस्टर. तो काय, कुणाकडेही असतो. आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावर पंकज मलिकांचं एक ठरलेलं गाणं लागलं की समजायचं, तयार राहा. आणि बाहुली आज पहिल्यांदा सासरी जाणार, असं सांगणारं दुसरं गाणं लागलं की त्या रात्री पाण्यात उतरायचं. लाखो घरांत ती गाणी ऐकली गेली. अर्थ कळला तो मोजक्यांना.

(दृश्य : रात्र. कर्णफुली नदी. दूर बंदराचे दिवे.)

१५ ऑगस्टची रात्र. चितगाव, मोंगला, चांदपूर, नारायणगंज. पावसाळ्याने नद्या फुगलेल्या. चितगावच्या टोळीचा म्होरक्या होता ‘मांग्रो’वरून पळालेला ए. डब्ल्यू. चौधरी. कर्णफुलीच्या पलीकडच्या काठावरून मुलं पाण्यात शिरली, जहाजांपर्यंत पोचली आणि परतली. मध्यरात्र उलटल्यावर स्फोट सुरू झाले. ‘अल अब्बास’ आणि ‘हुर्मुझ’ ही जहाजं धक्क्यावरच बसली. बाकीच्या बंदरांतही त्याच रात्री जहाजं आणि बार्जेस बुडाल्या. पूर्व पाकिस्तानात सगळं सुरळीत चाललं आहे, असं जगाला सांगणाऱ्यांना आता हे लपवता येत नव्हतं.

सामंत तिथे नव्हते. त्यांचं काम होतं पाठवणं आणि वाट पाहणं. अशा अधिकाऱ्याची ती रात्र कशी जात असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. आपण शिकवलेली, आपल्या मुलांच्या वयाची पोरं अंधारात पाण्यात आहेत आणि आपल्यापाशी आहे फक्त घड्याळ.

डिसेंबरमध्ये मात्र ते स्वतः निघाले.

(दृश्य : सुंदरबनातल्या खाड्या, वरून.)

कोलकाता बंदराच्या दोन साध्या बोटी. त्यांच्यावर चाळीस मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा बसवल्या आणि नावं ठेवली ‘पद्मा’ आणि ‘पलाश’. खलाशी बहुतेक बंगाली. सोबतीला नौदलाची छोटी गस्ती नौका, आपल्या रायगडातल्या गावाचं नाव घेतलेली ‘आयएनएस पनवेल’. तिचे कप्तान लेफ्टनंट कमांडर नोरोन्हा. आणि सीमा सुरक्षा दलाची ‘चित्रांगदा’. या चार बोटींचे प्रमुख सामंत. सुंदरबनातल्या अनोळखी खाड्यांमधून वाट काढत १० डिसेंबरच्या सकाळी ते मोंगल्यात शिरले. तिथे फारसा विरोध झाला नाही. पुढचं लक्ष्य खुलना. ‘चित्रांगदा’ मागे ठेवून तिघी निघाल्या.

दुपारच्या सुमारास आकाशात विमानं दिसली. आपलीच होती. वैमानिकांना ओळख पटावी म्हणून बोटींच्या वरच्या भागाला पिवळा रंग दिला होता, आणि ते हवाई दलाला कळवलेलंही होतं. पण विमानं वळली, खाली आली आणि बॉम्ब पडले. आधी ‘पद्मा’ गेली, मग ‘पलाश’.

‘पलाश’च्या इंजिनरूममध्ये रुहुल अमीन नावाचा तंत्रज्ञ होता. पेटलेल्या बोटीतून तो पोहत काठावर पोचला. काठावर रझाकार होते, पाकिस्तानी लष्कराच्या बाजूने लढणारे स्थानिक हत्यारबंद. त्यांनी त्याला ठार केलं. बांगलादेशाने त्याला ‘बीरश्रेष्ठ’ हा आपला सर्वोच्च किताब दिला.

‘पनवेल’ वाचली. काठावरून गोळीबार चालू असताना सामंतांनी पाण्यातल्या माणसांना वर घेतलं आणि खुलन्याची लढाई सोडली नाही. त्यासाठी त्यांना आणि नोरोन्हांना महावीर चक्र मिळालं. सहा दिवसांनी ढाका पडलं, आणि नव्या देशाचं नौदल उभं करायचं काम सुरुवातीला सामंतांकडेच आलं.

महावीर चक्राच्या मानपत्रात मोंगला आहे, खुलना आहे. पलाशी नाही. विटा नाहीत, गमछा नाही, रेडिओवरचं गाणं नाही. ते सगळं गुप्त होतं, आणि सामंतांनी ते गुप्त ठेवलं. कॅप्टन म्हणून निवृत्त झाले, मुंबईत राहिले. उतारवयात त्यांनी पत्रकार संदीप उन्नीथन यांच्यासोबत ही हकीकत पुस्तकात मांडली. २० मार्च २०१९ ला सामंत गेले. पुस्तक त्याच वर्षी, त्यांच्यामागे आलं.

(दृश्य : मुंबई, नौदल गोदी. १० मार्च २०२१. पाणबुडीवर तिरंगा चढतो आहे.)

माझगाव गोदीत बांधलेली नवी पाणबुडी नौदलात आली. नाव पुन्हा ‘करंज’. समारंभाला आले होते ॲडमिरल शेखावत, ज्यांनी १९७१ च्या युद्धात जुन्या ‘करंज’चं नेतृत्व केलं होतं. आणि त्या दिवशी रिगा बंदराची आठवण निघाली तेव्हा पहिल्या कप्तानाचं नाव वाचलं गेलं : कमांडर एम. एन. आर. सामंत.